‘तिकडे एकट्यानं जाऊ नका’ म्हणणाऱ्या साहेबांस

प्रति,
‘बाल्कन दर्शन’ सहलीचे सर्वेसर्वा,
मिरा रोड (पूर्व)

महोदय,



पत्रात तुमचं नाव आणि दुकानाची पाटी मुद्दामच घातलेली नाही. घातली तर जाहिरात होईल, आणि जाहिरातीवर तुमचा आधीच पुष्कळ खर्च होत असणार. भाईंदर स्टेशनचा पूल उतरलं की तुमचं गुळगुळीत पत्रक आपोआप हातात पडतं.

त्या पत्रकाला मान देऊनच मी तुमच्या माहितीसत्राला आले होते. हॉल गच्च भरलेला, चहा-समोसा तुमच्याकडून. पडद्यावर आधी डुब्रोवनिकची लाल कौलं आली, मग कोटोरचा डोंगराआडचा समुद्र, मग मोस्तारचा पूल. बायकांनी मोबाईल वर धरले. आणि नेमक्या त्या क्षणी तुम्ही काळ्या पडद्यावर लाल अक्षरांतली ती स्लाइड लावलीत: ‘स्वतंत्र प्रवासाचे धोके’. भाषा येत नाही. शाकाहारी मिळत नाही. व्हिसा होत नाही. ट्रेन चालत नाहीत. मिनीबसवाले लुटतात. शेवटी आवाज खाली आणून तुम्ही म्हणालात, ‘आणि आपल्यातच सांगतो, तो भाग अजून शांत नाही.’ माझ्या शेजारच्या काकांनी हातातला समोसा बशीत ठेवला आणि खिशातून पेन काढलं. बुकिंगचा फॉर्म खुर्चीवर आधीच ठेवलेला होता. काय नियोजन!

साहेब, मी त्या अशांत भागात नणंदेला सोबत घेऊन, ट्रेननं आणि मिनीबसनं फिरून आलेली बाई आहे. दोघीही साठीच्या अलीकडे-पलीकडे. आम्हाला कुणी लुटलं नाही, म्हणून तुमचा झालेला अपेक्षाभंग मी समजू शकते.

आधी तुमच्या शांततेचं बघू. बोस्नियातलं युद्ध 1995च्या डेटन करारानं थांबलं. त्याच वर्षी आपल्याकडे बॉम्बेचं मुंबई झालं. कोसोवोतलं युद्ध 1999च्या जूनमध्ये थांबलं. तेव्हा मिरा-भाईंदरला नुसती नगरपालिका होती. महानगरपालिका झाली 2002 साली. म्हणजे तुमची सुरक्षेविषयीची माहिती आपल्या महापालिकेपेक्षा जुनी आहे. ती एकदा बदलून घ्या. नवी माहिती हवी तर तीही आहे. 1 नोव्हेंबर 2024 रोजी सर्बियात नोवी साद स्टेशनाचं छत कोसळलं, सोळा माणसं गेली आणि विद्यार्थ्यांनी महिनोन् महिने रस्ते भरून टाकले. तिथं जाणाऱ्यानं ताज्या बातम्या वाचून जावं, हे एकदम मान्य. पण स्टेशनावरच्या अपघाताची भीती तुम्ही आम्हाला घालावी? 2017 साली एल्फिन्स्टनच्या पुलावर तेवीस माणसं चेंगरून मेली आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही त्याच लाइनीवर डबा घेऊन उभ्या होतो. चौकशी, निलंबन, नवा पूल, यातलं काय काय होतं आणि काय होत नाही, हे आम्हाला पाठ आहे. तिथल्या पोरांनी ते पाठ करायला नकार दिला, एवढाच फरक.

खरं म्हणजे तुम्ही समोर बसलेल्या बायकांकडे जरा नीट बघायला हवं होतं. त्यातल्या निम्म्याअधिक बायकांचं आयुष्य विरारहून येणाऱ्या लोकलमध्ये भाईंदरला चढण्यात गेलंय. गाडी थांबायच्या आत दाराची दांडी कुठे येणार ते त्यांना कळतं. आत शिरल्याबरोबर ‘कुठे उतरणार?’ असं विचारून अंधेरीवालीची सीट त्या सांगून ठेवतात. संध्याकाळी परतताना दहिसर गेलं की दारापाशी सरकायला लागतात, कारण दारातली विरारची मंडळी भाईंदरवाल्यांना प्रेमानं वाट करून देतील अशी त्यांची समजूत नसते. इंडिकेटरवर एक, घोषणेत दुसरं आणि फलाटावर तिसरंच लागलं तर कशावर विश्वास ठेवायचा, हे त्यांना कुठल्याही टूर लीडरनं शिकवलेलं नाही. आणि या बायकांना तुम्ही सांगता की, ‘मॅडम, श्कोदरहून तिरानाला मिनीबसनं जाणं तुम्हाला झेपणार नाही!’

ती मिनीबस कशी असते ते सांगते, कारण तुम्ही ती कधी आतून पाहिली असेल असं वाटत नाही. अल्बानियात तिला फुर्गोन म्हणतात. सांगली-साताऱ्याकडचं वडाप माहीत असेल तर पुढचं सांगायलाच नको. वेळापत्रक असं नाही, गाडी भरली की सुटते. काचेवर गावाच्या नावाची पाटी, खाली उभा ड्रायव्हर ‘तिराना, तिराना’ म्हणून ओरडतोय, सिगारेट संपत नाही तोवर तो चढत नाही. आम्ही आधी शेजारच्या बाईला भाडं विचारून घेतलं, ती पद्धत आपल्याकडचीच. पैसे उतरताना द्यायचे. तिनं सांगितलं तेवढेच ड्रायव्हरनं घेतले आणि सुटे परत दिले. वाटेत एका फाट्यावर काळ्या झग्यातली एक आजी चढली. हातात अंड्यांचा भलाथोरला ट्रे. बसायला जागा मिळाली, ट्रे ठेवायला मिळेना, तेव्हा तिनं एका शब्दानंही न विचारता तो माझ्या नणंदेच्या मांडीवर ठेवला आणि खुशाल डोळे मिटले. नणंद लग्न झाल्यापासून अंड्याच्या पातेल्याला हात न लावणारी. पण गचके खाणाऱ्या त्या गाडीत तिनं तो ट्रे दोन्ही हातांनी असा धरला की एकाला तडा गेला नाही. उतरताना आजीनं ट्रे घेतला, नणंदेच्या गालाचा मुका घेतला आणि काहीतरी बडबडत निघून गेली. भाषा येत नाही, हा तुमचा धोका क्रमांक एक होता ना?

मिनीबसवाले लुटतात म्हणालात, त्याची मात्र मला मौज वाटली. तुमच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला ‘समाविष्ट’ या मथळ्याखाली मी वाचलं: मोस्तारच्या जुन्या पुलाला भेट, सारायेवोचा लॅटिन ब्रिज, बेलग्रेडचा कालेमेग्दान किल्ला, तिरानाचा स्कंदरबेग चौक, स्कोप्येतलं मदर तेरेसा स्मारक. वा! पुलावरून चालायला पैसे नाहीत. चौकात उभं राहायला नाहीत. कालेमेग्दानमध्ये तिथले लोक संध्याकाळी कुत्री फिरवतात. मदर तेरेसा स्कोप्येत जन्मल्या, कोलकात्यात राबल्या, आणि त्यांच्या स्मारकातही कुणी तिकीट मागत नाही. जे जे फुकट, ते ते तुम्ही समाविष्ट केलंय. डुब्रोवनिकच्या तटबंदीला मात्र तिकीट आहे, चाळीस युरोंच्या घरात. ती तुमच्या पत्रकात ‘स्वखर्चानं, वेळ उरल्यास’ या सदरात आहे. लुटणं म्हणजे नेमकं काय, यावर आपण दोघांनी एकदा निवांत बसायला हवं.

वेळ उरल्यास! तुमच्या कार्यक्रमात मोस्तारला चाळीस मिनिटं आहेत. तो पूल 1566 साली बांधला, 1993च्या नोव्हेंबरमध्ये तोफांनी पाडला आणि 2004 साली पुन्हा उभा केला. एवढं सगळं चाळीस मिनिटांत, त्यातली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत. त्या पुलावरून नेरेत्वा नदीत उडी मारणारी पोरं असतात. चड्डी घातलेला एक गडी कठड्यावर उभा राहतो, दुसरा टोपी फिरवतो. मनासारखी रक्कम जमेपर्यंत कठड्यावरचा गडी नुसते हात झटकत राहतो, अंगावर पाणी मारतो, पुढे होतो, मागे येतो. आम्ही बघत होतो तेव्हा एक मोठा गट आला. त्यांनी टोपीत पैसे टाकले, मोबाईल रोखले, मग झेंडीवाल्या लीडरनं घड्याळ दाखवलं आणि सगळे माना वळवून बघत बसकडे निघाले. त्यांची शेवटची टोपी दिसेनाशी झाली आणि गड्यानं उडी मारली. पैसे त्यांचे, उडी आमची.

आम्ही मोस्तारला आलो होतो सारायेवोहून ट्रेननं. ‘ट्रेन चालत नाहीत’ असं तुम्ही म्हणालात. अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्याचं श्रेय मी तुम्हाला देते. सारायेवो ते बेलग्रेड थेट ट्रेन नाही. झाग्रेब ते बेलग्रेडही बंद झाली. डुब्रोवनिकला रूळच नाहीत. तिरानाचं स्टेशन 2013 साली रस्ता लांबवण्यासाठी पाडून टाकलं. म्हणूनच तर मिनीबस लागते. पण जी ट्रेन आहे, तिची तुम्हाला कल्पना नाही. सारायेवो-मोस्तार गाड्या दिवसाकाठी मोजक्याच, पण दोनेक तासांत डोंगर उतरून नेरेत्वेच्या काठाकाठानं आणून सोडतात. आणि माँटेनेग्रोतलं बार ते सर्बियातलं बेलग्रेड! आपल्या मंडळींना कोकण रेल्वेचा केवढा अभिमान, आणि तो रास्तच आहे. रत्नागिरीजवळचा पानवळचा पूल 64 मीटर उंच. बार-बेलग्रेड मार्गावरचा माला रियेकाचा पूल 198 मीटर. 2001 सालापर्यंत रेल्वेचा त्याहून उंच पूल जगात नव्हता. मार्गाची लांबी 476 किलोमीटर, बोगदे अडीचशेवर, आणि 1976 साली टिटोंच्या हस्ते उद्घाटन. नेहरू, नासेर आणि टिटो यांचा एकत्र फोटो ज्यांच्या शाळेच्या पुस्तकात होता, त्या पिढीला टिटो म्हणजे कोण ते सांगावं लागत नाही.

त्या गाडीनं आम्ही समुद्रकाठच्या बारहून निघालो. जुनाट डबे, सहा-सहा जणांचे कप्पे, खाली सरकणाऱ्या खिडक्या. सपाटीवरून चढत चढत गाडी हजार मीटरच्या वर जाते. बोगद्यातून बाहेर आली की उजेड, पुन्हा बोगदा, आणि एका उजेडात खाली बघितलं तर जमीनच नाही. समोरच्या सीटवरचा म्हातारा रोजचा असावा. तो पेपरातून डोकं न काढता एकच बोट खिडकीकडे करून म्हणाला, ‘माला रियेका.’ गाडी वेळापत्रकानुसार अकरा-बारा तासांत पोचते आणि वेळापत्रकाकडे ती फारसं लक्ष देत नाही. तिकीट साधारण पंचवीस युरो. तुमची बस हाच प्रदेश रात्री पार करते, असं पत्रकात अभिमानानं छापलंय: ‘वेळ वाचवण्यासाठी रात्रीचा प्रवास’.

शाकाहाराचं. हा तुमचा हुकमी एक्का, कारण आपल्या भाईंदरमध्ये अर्धं गाव जैन-गुजराती-मारवाडी, आणि मराठी घरांतही चतुर्थी पाळणारे पुष्कळ. म्हणून तुम्ही रोज संध्याकाळी साडेसहाला भारतीय हॉटेलात पनीर खायला घालता. खाऊ घाला, पण ‘तिथं काही मिळत नाही’ हे मात्र सांगू नका. सर्बियातल्या सनातनी ख्रिस्ती लोकांचे उपास आपल्याला लाजवतील असे आहेत. बुधवार, शुक्रवार, ईस्टरच्या आधी कित्येक आठवडे, मांस-दूध-अंडं सगळं बंद. हॉटेलात ‘पोस्नो’ विचारलं की उपासाचं पान पुढे येतं. त्यात कधी मासा चालतो, तेवढं विचारून घ्यावं. वालासारख्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांची, म्हणजे बीन्सची, भाजून केलेली उसळ मिळते. मॅसेडोनियात तीच मातीच्या भांड्यात, ‘तावचे ग्रावचे’ नावानं. भाजलेल्या लाल मिरचीचं ‘आयवार’ ब्रेडवर घेतलं की भाकरी-ठेचा आठवत नाही, एवढं पुरे. सारायेवोत मात्र जपून: तिथं ‘बुरेक’ म्हटलं की खिमाच. चीजची हवी असेल तर ‘सिर्नित्सा’ म्हणायचं, पालकाची ‘झेल्यानित्सा’. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर घरून खाकरे न्यावेत. त्यासाठी टूर कशाला? खाकऱ्याला व्हिसा लागत नाही.

माणसाला लागतो, आणि तो ‘आमच्यामार्फतच होतो’ असं तुम्ही छातीठोक सांगितलंत. शेंगेनचा अर्ज तुम्हीही केंद्रावर जाऊन भरता आणि आम्हीही. प्रौढ माणसाला फी तीच, 90 युरो, 11 जून 2024पासून. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 रोजी एकाच दिवशी शेंगेनमध्येही आला आणि युरोतही. बल्गेरिया-रुमानियाच्या जमिनीवरच्या हद्दी 1 जानेवारी 2025पासून उघडल्या. अनेक वेळा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा हातात असेल तर सर्बिया, बोस्निया, माँटेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया, अल्बानिया हे सगळे आपापल्या अटींवर आत घेतात. अटी प्रत्येकाच्या वेगळ्या आणि बदलत्या, त्या त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या पानावर वाचून निघावं. हे सगळं तुमच्या स्लाइडवर एका ओळीत मावलं असतं. तिथं तुम्ही ‘व्हिसा अत्यंत किचकट’ असं लिहून पुढे कवटीचं चित्र टाकलंत. कवटी कशासाठी, साहेब? अर्ज भरताना आजवर कुणी मेलेलं नाही.

गंमत अशी की जे खरे खड्डे आहेत, त्यांचा तुमच्या स्लाइडवर पत्ताच नव्हता. अल्बानिया किंवा मॅसेडोनियातून कोसोवोत शिरून तिथून थेट सर्बियात जाऊ नये. सर्बिया कोसोवोची ती हद्द मानत नाही, तेव्हा त्यांच्या लेखी तुम्ही चोरवाटेनं आत आलेले ठरता. सारायेवोला बसचे दोन अड्डे आहेत. एक रेल्वे स्टेशनाजवळ, दुसरा शहराच्या नैऋत्येच्या टोकाला, आणि बेलग्रेडच्या बऱ्याच बस दुसऱ्यावरून सुटतात. बॅग डिकीत टाकायचे वेगळे पैसे कंडक्टर मागतो, तेही सुटे, तेही त्या देशाचे. आणि चलनं? बोस्नियाचा मार्क, सर्बियाचा दिनार, मॅसेडोनियाचा देनार, अल्बानियाचा लेक. कोसोवो आणि माँटेनेग्रो मात्र युरोपीय संघात नसूनही युरो वापरतात. आमच्या पर्शीत शेवटी कुठलं नाणं कुठलं ते बँकेत आयुष्य काढलेल्या नणंदेलाही सांगता येईना. हे तुम्ही सांगितलं असतंत तर समोशाचे उपकार फिटले असते. पण हे सांगितलं की माणूस सावध होतो, घाबरत नाही. सावध माणूस फॉर्म भरत नाही.

स्कोप्येचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथं 26 जुलै 1963च्या पहाटे भूकंप झाला. जुन्या रेल्वे स्टेशनाचा निम्मा भाग पडला, निम्मा तसाच ठेवलाय. आता तिथं शहराचं संग्रहालय आहे. दर्शनी भिंतीवरचं घड्याळ 5 वाजून 17 मिनिटांवर थांबलंय. 1993च्या त्या पहाटेनंतरचं किल्लारी ज्यांनी पाहिलं, त्यांना त्या भिंतीसमोर दुभाष्याची गरज पडत नाही. भूकंपानंतर शहराचा आराखडा जपानच्या केन्झो टांगे यांनी केला, आणि नवं स्टेशनही त्यातलंच: वर रेल्वे, खाली बसचा अड्डा. मिनीबसनं येणारा माणूस नेमका तिथं उतरतो आणि थोडं चालला की जुनं घड्याळ समोर. तुमच्या गटाला ते दिसणार नाही. त्यांचा ‘फोटो स्टॉप’ सिकंदराच्या पुतळ्यापाशी आहे.

गैरसमज नको. ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना घरात सोबत नाही, ज्यांना नुसतं बसून बघायचंय, त्यांनी टूरनं जावं, खुशाल जावं. त्यांची काळजी घेणारी चांगली माणसं या धंद्यात आहेत. माझं भांडण टूरशी नाही, त्या लाल अक्षरांशी आहे. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत निघाले ते नेमके 1857च्या वणव्यात. त्या वेळी ‘तो भाग शांत नाही’ हे शब्दशः खरं होतं. झाशीच्या वेढ्यात अडकले, नागवले गेले, जिवंत परतले आणि सगळं लिहून काढलं. वाटेत तुम्ही त्यांना भेटला असतात आणि ती स्लाइड दाखवली असतीत, तर ‘माझा प्रवास’ मराठीत आलंच नसतं. मीना प्रभूंनी तुर्कस्तान पालथा घालून ‘तुर्कनामा’ लिहिलं, ग्रीसवर ‘ग्रीकांजली’ लिहिलं. बाल्कनची दोन दारं या बाईंनी केव्हाच उघडून ठेवलीत, आणि तुम्ही अजून त्यांच्यासमोर दोरी बांधून उभे आहात.

तेव्हा मागणी एकच. पुढच्या माहितीसत्रातून ती स्लाइड काढा. तेवढ्या जागेत बार-बेलग्रेडचं वेळापत्रक लावा, सारायेवोच्या दोन बस अड्ड्यांचा नकाशा लावा, आणि मग ज्यांना तुमच्या बसमध्ये बसायचंय त्यांना बसू द्या. तरीही हॉल भरला तर समोसे माझ्याकडून.

कळावे,
आपली न झालेली ग्राहक,
भाईंदर (पूर्व)

ता. क. : पत्रकात ‘बेलग्रेड शहरदर्शन, वातानुकूलित बसनं, शुल्क समाविष्ट’ अशी ओळ आहे. बेलग्रेडची शहर बस आणि ट्राम 1 जानेवारी 2025पासून सगळ्यांना फुकट आहे. तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.